पेला उलटा करायची पायरी

घरजावयाने समोरच्याशी बोलताना डोळे भिंतीवरच्या दिव्याला लावून बसावं, ही कुठली रीत? बोंगचीला हे पहिल्या दिवसापासून खुपत होतं. चेंगयूला जेवायला हाक मारा, तो दिव्याकडे बघून ‘आलो’ म्हणणार. बायकोला ताप आलाय म्हणून सांगा, दिव्याकडे बघून ‘औषध दिलं का’ विचारणार. चार वर्षं झाली त्याला या घरात येऊन. पायात मोजे, मांडीवर कीबोर्ड, शेजारी दुधाच्या चहाचा पेला. आणि तो पेला सील केलेला कुणाच्या मशीनने? तर पलीकडच्या गल्लीत यांच्यासारखीच मशीनं बनवणाऱ्या वांगच्या! अर्धी साखर, कमी बर्फ आणि वैऱ्याचं झाकण.

हे सगळं तिने पोटात घातलं होतं. पण सोमवारी दुपारी डब्यातला भात संपता संपता, दिव्याकडे बघत बघत, त्याने जे सांगितलं ते काही पोटात मावेना.

“आई, दोष प्लेटचाच आहे,” चेंगयू म्हणाला. “म्हणजे आ-तिक काकांच्या हाताचा.”

बोंगचीच्या जेवायच्या काड्या हवेतच थांबल्या. शेजारी बसलेल्या म्याओछिनने, तिच्या मुलीने, नवऱ्याला टेबलाखालून पाय मारला. तो पाय बहुधा टेबलालाच लागला, कारण जावई बोलतच राहिला.

दाली गावातल्या त्यांच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकच वस्तू बनते. चहाच्या दुकानात पेल्याच्या तोंडावर प्लास्टिकचा पापुद्रा चिकटवणारं मशीन. गरम प्लेट खाली येते, पापुद्रा दाबते, वर जाते. पेला उलटा केला तरी थेंब सांडता कामा नये. बोंगचीचा नवरा गिऱ्हाइकाला मशीन दाखवायचा तेव्हा भरलेला पेला स्वतःच्या डोक्यावर उलटा धरायचा. जाहिरात म्हणून त्याला तेवढीच येत होती. तो गेला, मशीनं राहिली, आणि त्या प्लेटा बसवणारा आ-तिक राहिला. एकतीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही.

आता मशीनच्या पोटात संगणक असतो. प्लेट किती तापवायची, किती वेळ दाबायची, हे तोच ठरवतो, आणि त्याला ते सांगणारा प्रोग्राम चेंगयू लिहितो. तेवढंच नाही. लिहिलेला प्रोग्राम दुकानांपर्यंत जाईतो त्याने कुठल्या कुठल्या पायऱ्या चढायच्या, हेही त्यानेच एका स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवलंय. माणसाने हात लावायचा नाही, स्क्रिप्टच सगळं करते. म्याओछिनने आईसाठी त्या पायऱ्या मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीवर चिकटवल्या होत्या. पहिली, नवा मजकूर गोळा करा. दुसरी, तो मशीनला कळेल असा बांधा. तिसरी, संगणकातल्या संगणकात तपासा. चौथी, कोपऱ्यातल्या मशीनवर चढवा, दहा पेले सील करा, उलटे करा, खाली ठेवलेला कागद कोरडा राहिला का बघा. पाचवी, दुकानांतल्या मशीनांकडे पाठवा. नवं काही लिहिलं असेल त्या दिवशी दुपारी साडेतीनला हा जिना चढायचा. सगळं पार पडलं की भिंतीवरचा दिवा हिरवा. कुठे अडलं की लाल, आणि वर भोंगा.

बोंगची चौथीपर्यंत शिकलेली बाई. पण चौथी पायरी तिला नीट कळत होती. बाकीच्या चार नसत्या तरी तिचं काही अडलं नसतं.

“काओशुंग शहरातली ती चहाच्या दुकानांची कंपनी म्हणते, ऑक्टोबरपासून तीनदा पेले गळले,” चेंगयू बोटांवर मोजत होता. “बावीस ऑक्टोबर, पाच डिसेंबर, वीस जानेवारी. त्या त्या दिवशी संध्याकाळपासून गळायला लागले, दोन-चार दिवस गळले, मग थांबले. मला आधी वाटलं, माझाच प्रोग्राम चुकला. म्हणून नोंदी काढल्या. तिन्ही दिवशी सगळ्या पायऱ्या हिरव्या आहेत आई! आपल्या मशीनवर पास झालेला प्रोग्राम तिकडे गळतो. मग फरक कशात? प्लेटमध्ये.”

“आणि दोन-चार दिवसांनी प्लेट आपोआप सरळ होते?”

“थंडीने आकसत असेल. नक्की नाही सांगता येत. पण गळलेल्या सगळ्या मशीनांच्या प्लेटा काकांनी बसवलेल्या आहेत.”

“न गळलेल्यांच्या कुणी बसवल्या? तुमच्या वडिलांनी?”

म्याओछिन फस्सकन हसली आणि मग खोकल्यासारखं केलं. चेंगयूने दिव्याकडे पाहिलं. दिवा हिरवा होता, त्यामुळे त्याला धीर आला असावा.

“आई, उद्या संध्याकाळपर्यंत त्यांना कारण कळवायचं आहे. कारण आणि उपाय. नाहीतर चांद्र नव्या वर्षाच्या आत सगळी मशीनं परत पाठवतील. काकांचे डोळे आता पूर्वीसारखे नाहीत, हे तुम्हालाही माहीत आहे. त्यांना सन्मानाने...”

“सन्मानाने काय? काढायचं?”

त्याने डब्याचं झाकण लावलं. म्हणजे तेच.

शेडच्या दुसऱ्या टोकाला आ-तिक पॉलिशचं कापड घेऊन वाकला होता. पत्र्याच्या शेडमध्ये कुणाचं बोलणं कुणापासून लपत नाही. तो वर न बघता म्हणाला, “मालकीणबाई, उद्याच्या जेवणात कोंबडीचं मुंडकं माझ्याकडे करून ठेवा. तुम्हाला बोलायची तसदी नको.”

उद्या चांद्रवर्षाच्या बाराव्या महिन्याची सोळावी तिथी. वर्षाचं शेवटचं जेवण, मालकाने कामगारांना घालायचं. त्या जेवणात कोंबडीचं मुंडकं ज्याच्याकडे वळवलेलं असेल, त्याने नव्या वर्षात कामावर यायचं नाही, ही जुन्या मालकांची पद्धत. या शेडमध्ये पहिल्या वर्षापासून मुंडकं कापूनच कोंबडी मांडत आले होते.

“तोंड सांभाळ,” बोंगची ओरडली. “माझ्या घरात कोंबडीला मुंडकं नसतं. आणि मला तोंड आहे, बोलायचं झालं तर मी बोलेन.”

पण बोलायचं झालं तर उद्या सहा वाजता, त्या जेवणातच बोलावं लागणार होतं, हे तिला कळत होतं. आणि काय बोलणार? एकतीस वर्षांत आ-तिकने वाकडी प्लेट बसवली नाही, हे तिच्या मनाला पक्कं माहीत. पण मनाला माहीत असलेलं काओशुंगच्या कंपनीला पाठवता येत नाही. जावयाकडे नोंदी होत्या. हिच्याकडे काय होतं?

ती उठली. बसली. पुन्हा उठली. डबे धुतले, धुतलेले पुन्हा धुतले. आ-तिकच्या बाकाशी जाऊन एक प्लेट हातात घेतली, बोट फिरवलं, ठेवली. आरशासारखी सपाट. दुसरी घेतली. तीही तशीच.

“मालकीणबाई, बसा ना जरा,” आ-तिक म्हणाला. “तुम्ही अशा फिरता तेव्हा माझा हात हलतो.”

“हलू दे. आधीच वाकडा आहे म्हणतात ना.”

तो हसला, पण नेहमीसारखा नाही.

उद्याच्या पूजेची तयारी तरी करावी म्हणून ती दाराकडे गेली. प्रत्येक चांद्रमहिन्याच्या दुसऱ्या आणि सोळाव्या तिथीला ती शेडच्या तोंडाशी टेबल मांडून जागेच्या देवाला नैवेद्य दाखवायची. दुपारी तीनला उदबत्ती लागायची आणि विजेचा मोठा खटका खाली यायचा. देव जेवतो तेवढा वेळ मशीनांनी बसायचं, हा नवऱ्याचा नियम. उदबत्ती विझली, कागदाच्या नोटा जाळून झाल्या, की खटका वर.

दाराशेजारी रोज एक पान फाडायचं कॅलेंडर टांगलेलं होतं. फाडलेली पानं आ-तिक तेल पुसायला न्यायचा. पूजेच्या दिवसांची पानं मात्र बोंगची खिळ्याला लावून ठेवायची. पाठीवर लिहिलेलं असायचं, देवाला त्या दिवशी काय ठेवलं. म्हणजे लागोपाठ तीच फळं जात नाहीत. देवालाही कंटाळा येत असेल.

तिने सगळ्यात वरचं पान काढलं. मागच्या वेळी संत्री होती, म्हणजे उद्या पेरू. पान परत लावायला उलटं केलं आणि तिचा हात थांबला.

ठळक आकड्यांत वीस जानेवारी. खाली बारीक अक्षरांत बारावा महिना, दुसरी तिथी.

वीस जानेवारी तिने आत्ताच ऐकलं होतं. भाताच्या शेवटच्या घासाबरोबर.

तिने खिळ्यावरची पानं सगळी उपसली आणि जमिनीवरच बसली. एकेक पान सरळ केलं. चार जानेवारी, रविवार होता, सोडा. एकवीस डिसेंबर, तोही रविवार. पाच डिसेंबर. दहावा महिना, सोळावी. तिने ते पान मांडीखाली दाबलं, उडून जाईल म्हणून. एकवीस नोव्हेंबर. पाच नोव्हेंबर. बावीस ऑक्टोबर, नववा महिना, दुसरी.

तिन्ही. तीनच्या तीन.

गुडघे दुखत होते, ते तिला नंतर कळलं. ती पानं घेऊन जावयाच्या खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

“जावईबापू, एक सांगा. कोपऱ्यातलं मशीन बंद असेल, आणि साडेतीन वाजले, तर तुमची चौथी पायरी काय करते?”

“लाल होते.”

“नक्की?”

“आई, स्क्रिप्ट मी लिहिली आहे.”

“म्हणून तर विचारतेय.”

त्याने मान वर केली. एवढ्या वर्षांत क्वचितच त्याने अशी मान वर केली असेल. “मशीन बंद असेल तर ते उत्तर देणार नाही. उत्तर नाही म्हणजे पायरी अडली. अडली म्हणजे लाल. यात विचारायचं काय?”

“मागच्या दुसरीला भोंगा ऐकला होता तुम्ही?”

“नाही.”

“पाच डिसेंबरच्या सोळावीला?”

“नाही, पण... त्या दिवशी नवं काही लिहिलं नसेल. नवं नसेल तर जिना चढतच नाही.”

“नवं नव्हतं, मग पाच डिसेंबरला दुकानांत काय गेलं? माझा नैवेद्य?”

चेंगयूने पानं पाहिली. पहिलं, दुसरं, तिसरं. मग मान हलवली. “योगायोग असेल आई. तीन तारखांवरून असं नाही म्हणता येत. एकवीस नोव्हेंबरलाही पूजा होती, पाच नोव्हेंबरलाही. तेव्हा कुठे गळलं?”

“न तपासता पाठवलेलं दरवेळी बिघडलेलंच असतं असं कोण म्हणालं? कधी चांगलंही निघतं. आणि बिघडलेलं निघालं तरी पुढचं तपासून गेलं की गळायचं थांबतं.”

त्याने पानं पुन्हा चाळली. पण कबूल करेना. त्याची मान पुन्हा दिव्याकडे वळली. बोंगचीला वाटलं, तो दिवा खिळ्यासकट उपटावा. तिने स्वतःला आवरलं.

“बरं. योगायोग तर योगायोग. उद्या सोळावी आहेच. उद्या साडेतीनला चढू द्या जिना. पण त्याच्या आधी तुमच्या प्रोग्राममध्ये काहीतरी चुकीचं लिहा.”

“चुकीचं?”

“प्लेट तापवायचीच नाही, असं लिहा. थंडगार प्लेटने पापुद्रा चिकटतो का? पोरालाही कळेल. मग बघू, तुमची चौथी पायरी काय म्हणते.”

“आई! ते दुकानांत जाईल!”

“पाचवी पायरी काढून ठेवा की. एवढी बुद्धी मला आहे, तुम्हाला नाही का?”

म्याओछिन फोन खाली ठेवून आली होती. “लिही,” ती नवऱ्याला म्हणाली. “नाहीतर आज जेवायला मिळणार नाही, मलाही.”

रात्र बोंगचीने कशी काढली ते तिलाच माहीत. सकाळी पेरू घेतले, कोंबडी उकडली, मासा तळला, डुकराच्या मांसाचा तुकडा घेतला, तांदळाची दारू ओतली. हात चालत होते, पण मन त्या कोपऱ्यात अडकलं होतं. दिवा लाल झाला तर? मग जावई म्हणतो तेच खरं. मग सहा वाजता तिला उभं राहून आ-तिककडे बघावं लागेल. आ-तिकने सकाळीच आपली हत्यारं पुसून डब्यात लावून ठेवली होती, ते तिने पाहिलं होतं आणि पाहिलं नाही असं दाखवलं होतं.

तीन वाजता टेबल मांडलं. तिने उदबत्ती पेटवली, खटका खाली ओढला. शेडमधली घरघर थांबली आणि बाहेरच्या कुत्र्याचं भुंकणं आत आलं. कामगार रांगेत उभे राहिले. आ-तिक हातात तीन उदबत्त्या घेऊन मधोमध होता. सर्व्हर आणि दिवा वेगळ्या तारेवर होते, ते चालू राहिले. कोपऱ्यातल्या मशीनच्या काचेवर काळोख होता.

बोंगचीने देवाला नमस्कार केला, पण डोळे भिंतीवर. शेवटी तीही जावयासारखीच वागत होती. हे तिच्या लक्षात आलं आणि तिला स्वतःचाच राग आला.

साडेतीन. चेंगयूच्या पडद्यावर पहिली पायरी उजळली. दुसरी. तिसरी. चौथी आली आणि थांबली. पडद्यावर एक छोटं वर्तुळ फिरत राहिलं. बोंगचीने श्वास धरला. वर्तुळ फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं, पुन्हा थांबलं. तिसऱ्यांदा फिरलं.

दिवा हिरवा झाला.

कोपऱ्यात एकही पेला हलला नव्हता. प्लेट जागेवर होती. मशीन झोपलेलं होतं. आणि दिवा छान हिरवा, लग्नातल्या पाहुण्यासारखा.

म्याओछिनने तोंडावर हात ठेवला. चेंगयू खुर्चीत पुढे सरकला, पटापट कळा दाबल्या, स्क्रिप्ट उघडली. चौथ्या पायरीपर्यंत आला आणि त्याचे हात मांडीवर पडले.

“वाचा,” बोंगची म्हणाली.

“आई...”

“मला वाचता येत नाही ते. मोठ्याने वाचा. सगळ्यांना ऐकू दे.”

त्याने वाचलं. “मशीनला तीनदा हाक मारा. ओ दिली नाही तर ही पायरी सोडा. पास समजून पुढे जा.” मग तो थांबला.

“पुढे काहीतरी आहे. बाजूला लिहिलंय, ते काय?”

“टीप आहे. मीच लिहिलेली. दीड वर्षापूर्वीची.” त्याने ती वाचली. “दुसरी आणि सोळावी. आईंना भोंगा चालत नाही.”

आता बोंगचीला आठवलं. उदबत्ती लागलेली, खटका खाली, आणि मागून भोंगा बोंबलला होता. देवासमोर. ती इतकी ओरडली होती की शेजारच्या शेडमधले लोक बघायला आले होते. ‘माझ्या पूजेत हे पुन्हा वाजलं तर दिवा, भोंगा आणि जावई, तिघांना रस्त्यावर ठेवीन.’ हे तिचेच शब्द. त्या दिवसापासून पूजेत भोंगा वाजला नव्हता आणि ती मनात म्हणाली होती, शिकतोय हळूहळू.

आ-तिकच्या उदबत्तीची राख त्याच्या मनगटावर पडली. त्याने ती झटकली नाही. तो टेबलाशी गेला, वाकला, तिन्ही उदबत्त्या वाळूत नीट उभ्या खोचल्या आणि तिथेच पाठमोरा उभा राहिला.

चेंगयू खुर्चीतून उठला. दिव्याकडे न बघता त्याने बोंगचीकडे पाहिलं. “तुम्ही रागावाल म्हणून...” एवढंच तो म्हणाला.

कालपासून जी एका जागी टेकली नव्हती ती बोंगची त्याच्या रिकाम्या खुर्चीत बसली.

“चेंगयू, जावईबापू म्हणायचं आज सोडते, नावाने ऐक. भोंगा नको म्हणाले ती मी. ते माझं, मी नाकारत नाही. पण मी भोंग्याला गप्प करायला सांगितलं होतं, मशीनच्या वतीने होकार द्यायला नव्हतं सांगितलं. तू तो दिलास. एकदा नाही, दीड वर्ष. आणि त्या होकाराच्या जिवावर एका माणसाची एकतीस वर्षं उचलून बाहेर ठेवायला निघालास, त्याच्या प्लेटवर एकदा बोटसुद्धा न फिरवता. तू लबाड नाहीस. आळशी तर अजिबात नाहीस. तू भित्रा आहेस, आणि सासूच्या भीतीने लिहिलेली ओळ माझ्या कारखान्यात राहणार नाही. ती आत्ता काढ, माझ्यासमोर. मशीन बंद असेल तर दिवा लाल होऊ दे, भोंगा बोंबलू दे, देव ऐकेल आणि मीही ऐकेन. काओशुंगला फोन म्याओछिन करणार नाही, तू करशील, आणि कारण जसं आहे तसं सांगशील. आणि सहा वाजता, पहिला घास घ्यायच्या आधी, सगळ्यांसमोर उभा राहून म्हणशील की प्लेट सरळ होती. तुझं झालं की मी उभी राहीन आणि माझं मी सांगेन. त्यानंतर जेवू.”